पानगळ म्हणजे आजार नव्हे

माघ सरत आला की गोखिवरे येथून पूर्वेकडे दिसणारा तुंगारेश्वराचा डोंगर हिरवा रंग टाकून करडा होऊ लागतो. सागाने आपली ताटाएवढी पाने खाली उतरवलेली असतात. डोंगराच्या पायथ्याशी, इमारतींच्या आवारांतही तोच क्रम चालू असतो. देशी बदामाची पाने लालबुंद होऊन गळतात, सीताफळाच्या फांद्या उघड्या पडतात आणि आवळा म्हणजे नुसत्या काटक्यांचा भारा वाटू लागतो. याच दिवसांत गृहनिर्माण संस्थांच्या बैठकींत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘‘ते कोपऱ्यातले झाड वाळले आहे. पावसाळ्यापूर्वी काढून टाकू या.’’

पुष्कळदा ते झाड वाळलेले नसते. ते आपल्या वर्षातील एका ठरलेल्या टप्प्यावर उभे असते आणि महिना-दीड महिन्यात पालवणार असते. बैठकीत निर्णय घेणारी मंडळी सकाळच्या लोकलने कामाला जातात व रात्री परततात. त्या झाडाचे संपूर्ण वर्ष त्यांनी पाहिलेले नसते. ते पाहिलेले असते दुसऱ्या मजल्यावरील खिडकीशी बसणाऱ्या आजोबांनी, किंवा गुडघ्यांमुळे जिना उतरणे सोडून दिलेल्या आजींनी. त्यांचे मत मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

आरोग्याच्या पाक्षिकात फळझाडांच्या पानांचा विषय घेण्याचे कारण हेच आहे. घरातच राहावे लागणाऱ्या वृद्ध व्यक्तीचे दिवस एकसारखे होत जातात. औषधांच्या वेळा रोजच्याच, दूरचित्रवाणीवरील मालिकाही रोजचीच. सोमवार आणि गुरुवार यांत फरक उरत नाही आणि हळूहळू महिनेही एकमेकांत मिसळतात. अशा वेळी खिडकीसमोरचे झाड हे चष्म्याशिवाय वाचता येणारे पंचांग असते. ते नीट वाचता आले, तर त्या माणसाला वर्षाचा धागा हाती धरता येतो. आणि ते झाडही अकारण तोडले जाण्यापासून वाचते.

पान का गळते?

थंड प्रदेशांतील सफरचंदासारखी झाडे कडाक्याच्या थंडीमुळे पाने टाकतात. आपल्याकडे पानगळीचे मुख्य कारण पाणी हे आहे. वसईच्या पट्ट्यात जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. दिवाळीनंतर जमिनीचा वरचा थर सुकत जातो. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ मात्र सतत बाहेर पडत असते. जुन्या पानाची अन्न तयार करण्याची शक्ती उतरलेली असते, पाण्याचा खर्च तेवढा चालू असतो. तेव्हा झाड ते पान उतरवण्याची तयारी करते.

ही तयारी पाहण्यासारखी आहे. प्रथम पानातील हरितद्रव्य मोडले जाते. पानात असलेले नत्र व स्फुरद यांचा साधारणपणे निम्मा भाग झाड परत फांद्यांमध्ये ओढून घेते. हिरवा रंग गेल्यामुळे मागे दडलेला पिवळा दिसू लागतो. बदामाच्या पानात तर याच काळात लाल रंगद्रव्य नव्याने तयार होते. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि तेथून पान अलगद सुटते. देठाच्या जागी जखम उघडी राहू नये, याचीही व्यवस्था झाड करते. म्हणजे पानगळ ही झाडाची नियोजित कृती आहे. वृद्ध माणसाला आपण ‘पिकले पान’ म्हणतो, तेव्हा ते पान जाण्यापूर्वी आपली निम्मी पुंजी झाडाला परत देऊन जाते, हे आपल्या ध्यानात नसते.

आपल्या बागायतदारांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. महाराष्ट्रात पेरू, डाळिंब, संत्री व मोसंबी यांच्या बागांत ‘बहार धरण्या’ची पद्धत आहे. मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार ही तिची नावे. बहार धरण्यापूर्वी शेतकरी काही आठवडे पाणी तोडून झाडाला ‘ताण’ देतात. झाडाची वाढ थांबते, पाने पिवळी पडतात, पुष्कळशी गळतातही. नंतर खत-पाणी दिले की त्याच झाडावर नवी पालवी आणि फुले येतात. बागेत हाच काळ झाडाच्या विश्रांतीचा मानला जातो.

एक प्रश्न उरतो. पाण्यासाठी पाने टाकली, तर चैत्र-वैशाखाच्या ऐन उन्हाळ्यात, पाऊस पडण्याआधीच नवी पालवी कशी येते? जुनी पाने गेल्यामुळे पाण्याचा खर्च कमी होतो आणि खोल मुळांनी आणलेल्या पाण्याने फांद्या पुन्हा भरू लागतात, हे एक कारण. दुसरे कारण दिवसाच्या लांबीचे. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा असतो. जूनच्या अखेरीस तो सव्वातेरा तासांपर्यंत जातो. दिवस लांबत चालल्याची खूण अनेक झाडांना मिळते आणि ती पावसाची वाट न पाहता पालवतात. मृगाची पहिली सर येते तेव्हा पाने कामाला तयार असतात.

आपल्या परिसरातील फळझाडांचे पंचांग

पुढील क्रम साधारण आहे. पाणी, झाडाचे वय आणि त्या वर्षीचे हवामान यांप्रमाणे तो दोन-तीन आठवडे मागेपुढे होतो. गळक्या नळाशेजारचे झाड आपल्या जातभाईंपेक्षा वेगळे वागू शकते.

देशी बदाम : पौष-माघात पाने लाल होऊन गळतात आणि थोड्याच दिवसांत फांद्यांच्या टोकांशी पोपटी झुबके उगवतात. हे झाड बहुधा वर्षातून दोनदा पाने बदलते. दुसरी पाळी पावसाळ्याच्या दिवसांत येते. पावसात लाल पाने पडलेली पाहून रोगाची शंका घेऊ नये.

आंबा : हा सदाहरित आहे, तो कधी पूर्ण उघडा पडत नाही. त्याची पालवी टप्प्याटप्प्याने येते. एका फांदीवर तांबूस, लोंबती कोवळी पाने असतात, तर शेजारच्या फांदीवर गेल्या वर्षीची गर्द हिरवी. नवी फांदी जून झाल्याशिवाय तिला मोहोर धरता येत नाही. पाऊस लांबून कार्तिकाच्या सुमारास पालवी आली, तर मोहोरही लांबतो, हे कोकणातील बागायतदार जाणतात.

जांभूळ : माघ-फाल्गुनात जुनी पाने गळतात, परंतु नवी पाने मागोमाग येतात. चैत्रात बारीक पांढरट फुलोरा येतो आणि ज्येष्ठात, वटपौर्णिमेच्या आगेमागे, फळे.

फणस : हिवाळ्याच्या अखेरीस रोज काही पाने पिवळी-नारिंगी होऊन गळतात. झाड मात्र भरलेलेच दिसते.

सीताफळ : माघ-फाल्गुनात जवळजवळ निष्पर्ण होते. चैत्र-वैशाखात नवी पाने व हिरवट फुले येतात. फळे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून मिळतात.

आवळा : याचे वागणे सर्वांत फसवे आहे. फाल्गुनात बारीक पर्णिकांच्या डहाळ्याच्या डहाळ्या गळून पडतात. नव्या फुटव्यांबरोबर लहान फुले येतात आणि फळधारणाही होते. परंतु ते फळ सबंध उन्हाळा सुप्त राहते, डोळ्यांना दिसतही नाही. पावसाळ्यात ते वाढू लागते आणि कार्तिकात, आवळीभोजनाच्या वेळी, झाड लगडलेले असते. फाल्गुनात तोडलेल्या आवळ्याबरोबर कार्तिकाचे फळही जाते, ते असे.

चिंच : फाल्गुन-चैत्रात जुना पाला झडतो आणि पोपटी कोवळा पाला येतो. कोवळ्या पाल्याची आंबट चटणी अनेक आजींच्या स्मरणात असेल. चिंचेची पाने सायंकाळी मिटतात व सकाळी उघडतात. म्हणजे हे झाड दिवसाचेही घड्याळ आहे.

बेल : चैत्राच्या सुमारास पाने टाकतो आणि लगेच पालवतो. श्रावणापर्यंत त्रिदळांनी भरून जातो.

बोर : हिचा क्रम उलटा आहे. संक्रांतीला बोरन्हाणासाठी फळे देऊन झाली की ऐन उन्हाळ्यात, इतर झाडे हिरवीगार असताना, बोर पाने टाकून उभी राहते. पावसाच्या पाण्यावर ती पुन्हा पालवते.

चिकू : बाराही महिने हिरवा. फुले, कोवळी फळे आणि तयार फळे एकाच झाडावर दिसू शकतात. चिकूवर डोळा ठेवून आवळ्याविषयी मत बनवणे हा अन्याय ठरतो.

या यादीवरून एक गोष्ट लक्षात येईल. आपल्याकडे सगळी झाडे एकाच वेळी उघडी पडत नाहीत. कोणत्याही महिन्यात, कोणत्या ना कोणत्या झाडावर काहीतरी नवे घडत असते.

झाड पाहण्याने काय होते?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात रॉजर उलरिक या संशोधकाने पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. नोंदी १९७२ ते १९८१ या काळातील होत्या आणि निष्कर्ष १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत, उरलेल्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणाऱ्यांना सरासरीने थोडे लवकर घरी जाता आले आणि तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. अभ्यास लहान होता. झाड हे औषधाची जागा घेऊ शकत नाही. पण त्यातील एक तपशील आपल्या विषयाशी जोडलेला आहे. उलरिक यांनी केवळ मे ते ऑक्टोबर या काळातील रुग्ण निवडले होते, कारण तेथील झाडांवर पाने असतात ती त्याच महिन्यांत. आपल्या खिडकीला अशी मुदत नाही. आंबा, फणस किंवा चिकू समोर असेल, तर हिरवळ बारमाही आहे. आणि बदाम किंवा आवळा असेल, तर पाहण्यासारखा बदल ठरावीक महिन्यांनी हमखास येतो.

एक झाड, एक वही

भारतात ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम चालतो. त्यात सहभागी होणारी व्यक्ती एक झाड निवडते आणि आठवड्यातून एकदा त्याची पाने, फुले व फळे पाहून नोंद करते. केरळातील शाळांतून हजारो मुलांनी असे केले आहे. हाच प्रयोग घरातील ज्येष्ठांसाठी उत्तम आहे. त्यास शंभर पानी वही आणि जाड टोकाचे पेन एवढेच साहित्य लागते.

आठवड्यातील एक वार ठरवावा. त्या दिवशी सकाळी खुर्ची खिडकीशी किंवा सज्जात न्यावी आणि चार गोष्टी पाहाव्यात : पिकलेली पाने, नवी पालवी, फुले अथवा मोहोर, आणि फळे. प्रत्येकीपुढे ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘पुष्कळ’ एवढेच लिहावे. हात थरथरत असेल तर नातवंडाने लिहावे; निरीक्षण मात्र आजी-आजोबांचे असावे. वर्षभरात बावन्न नोंदी होतील आणि त्या झाडाविषयी सबंध इमारतीत त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल.

व्यक्ती अंथरुणाला खिळलेली असेल, तर पलंगाची दिशा बदलून पाहावी. उशाशी खिडकी असली की बाहेरचे काही दिसत नाही; ती पायाकडे किंवा कुशीकडे आली तर दिसते. तेही शक्य नसेल, तर गळलेले एक पान स्वच्छ धुऊन हातात द्यावे. बदामाच्या पानाचा चामड्यासारखा पोत आणि चुरगळलेल्या आंब्याच्या पानाचा वास यांतून पुष्कळ आठवणी जाग्या होतात.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीशी बोलताना मात्र एक पथ्य पाळावे. ‘‘हे कसले पान आहे, सांगा पाहू?’’ किंवा ‘‘आता कोणता महिना चालू आहे?’’ असे प्रश्न ती परीक्षा मानते. उत्तर आले नाही की संकोचते किंवा चिडते. त्याऐवजी सुनेने सहज म्हणावे, ‘‘बाबा, आंब्याला तांबडी पालवी आली. पाडवा जवळ आला बघा.’’ त्यात महिना सांगून झाला, सणही सांगून झाला आणि बाबांवर उत्तराचे ओझे पडले नाही. त्यांना काही आठवले तर ते बोलतील. न बोलले तरी काही बिघडत नाही. काळजी घेणाऱ्या व्यक्तीलाही ती पाच मिनिटे औषधे व पथ्ये यांव्यतिरिक्त काही बोलण्यासाठी मिळतात, हा लाभ लहान नाही.

काही दक्षता

पानगळीच्या दिवसांत ओल्या फरशीवरची पाने आणि ज्येष्ठात पडलेली जांभळे अतिशय निसरडी असतात. फिरावयास जाणाऱ्यांनी मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे वापरावीत आणि प्रवेशद्वाराजवळची पायवाट रोज सकाळी झाडून घ्यावी. वृद्धापकाळातील एक पडणे वर्षभराचे स्वास्थ्य घालवू शकते.

झाडलेली पाने जाळू नयेत. पाल्याच्या धुरातील सूक्ष्म कण दमा, जुनाट श्वसनविकार व हृदयविकार असलेल्यांना त्रास देतात आणि तो धूर थेट पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरील खिडक्यांत शिरतो. उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली आहे. पाने झाडाच्या बुंध्याभोवती पसरावीत किंवा खड्ड्यात कुजवावीत. झाडाने परत न घेतलेले अन्नांश त्यामुळे त्याला मिळतात.

मोहोराच्या दिवसांत ज्यांना शिंका किंवा धाप यांचा त्रास होतो, त्यांनी खिडकीशी बसण्याची वेळ बदलावी आणि डॉक्टरांना तसे सांगावे. आंब्याचा चीक त्वचेला लागल्यास चट्टे उठतात, तेव्हा ताजे तोडलेले देठ हाती देऊ नये. जांभळाच्या, आंब्याच्या किंवा सीताफळाच्या पानांचे काढे ऐकीव माहितीवरून घेऊ नयेत. मधुमेहाची गोळी चालू असताना किंवा मूत्रपिंडाचा विकार असताना असा प्रयोग अंगाशी येऊ शकतो.

झाड वाळले आहे, हे कसे ओळखावे?

बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. जिवंत फांदी वाकते. वाळलेली काडकन मोडते. एका फांदीवरून निर्णय करू नये, तीन-चार ठिकाणी पाहावे. फांद्यांच्या टोकांशी फुगीर डोळे असतील तर पालवी जवळ आली आहे. पानगळ नेहमीच्या महिन्यात झाली असेल तर आषाढापर्यंत वाट पाहावी. तोवर बोरीसारखी उशिरा पालवणारी झाडेही हिरवी होतात.

खऱ्या आजाराची लक्षणे वेगळी असतात. अवेळी आणि एकाच बाजूची पाने वाळणे, खोडातून भुसा बाहेर पडणे (भिरूड लागल्याची ही खूण), साल फुटून डिंक वाहणे, बुंध्याशी भूछत्रे उगवणे, किंवा झाड अचानक कलणे. यांपैकी काही दिसल्यास जाणकाराला बोलवावे. कलते झाड किंवा वाळकी मोठी फांदी असेल तर विलंब करू नये, कारण तेथे माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो. बुंध्यापर्यंत फरसबंदी केली असल्यास ती निदान एक मीटर अंतरापर्यंत काढावी. मुळांना पाणी व हवा न मिळाल्याने मेलेले झाड आणि पानगळीतले झाड दुरून सारखेच दिसते.

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांना १९७५च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचे संरक्षण आहे. आपल्या आवारातले, आपणच लावलेले झाड असले तरी ते तोडण्यापूर्वी महानगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. अर्ज करण्याचा विषय बैठकीत निघेल, तेव्हा वर्षभराची ती वही पुढे ठेवावी. ‘गेल्या वर्षी फाल्गुनाच्या दुसऱ्या आठवड्यात पाने नाहीत, चैत्राच्या पहिल्या आठवड्यात पालवी पुष्कळ’ ही आजींच्या अक्षरातील नोंद कोणत्याही वादापेक्षा अधिक बोलते. त्या दिवशी त्यांनाही बैठकीला बोलवावे. जिना उतरणे जमत नसेल तर बैठकच त्यांच्या घरी घ्यावी.

वही याच आठवड्यात सुरू करण्यास हरकत नाही. पहिल्या पानावर झाडाचे नाव, ते कोणी व साधारण केव्हा लावले आणि ते कोणत्या खिडकीतून दिसते, एवढे लिहावे. फाल्गुन चालू असल्याने पहिल्या नोंदीत बहुधा ‘पालवी : नाही’ असेच येईल. पाडव्याच्या दिवशी गुढी उभारून झाली की पुन्हा खिडकीशी बसावे आणि दुसरी ओळ भरावी.